शाळेजवळ घर घेताय? आधी वर्षभर भाड्याने राहा



दसरा आणि गुढीपाडवा हे फ्लॅट बुकिंगचे दोन मोठे मुहूर्त. त्यांच्या मधल्या महिन्यांतच बहुतेक खासगी शाळांचे प्रवेश उरकतात. त्यामुळे पुण्यातली पुष्कळ तरुण कुटुंबं घर आणि शाळा हे दोन्ही निर्णय एकाच धावपळीत घेऊन मोकळी होतात. ‘नामांकित शाळा ५ मिनिटांवर’ अशी जाहिरात वाचून वाकड, बालेवाडी, खराडी किंवा वाघोलीत बुकिंगचा चेक फाडला जातो. मूल शाळेत असतं सहा-सात तास. बाकीचा दिवस ते वस्तीत वाढतं. म्हणून कळकळीने सांगतो, केवळ शाळेच्या नावावर घर विकत घेऊ नका. आधी प्रवेश पक्का करा, त्या भागात वर्षभर भाड्याने राहा आणि मगच कर्जाच्या कागदांवर सही करा.

शाळेजवळ राहिलं की प्रवेश मिळतोच, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसा काही नियम नाही. खासगी विनाअनुदानित शाळा केवळ तुमचा पत्ता बघून प्रवेश द्यायला बांधील नसते. अंतराला वजन आहे ते शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांपुरतं. तिथे १ किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार आधी होतो, मग ३ किलोमीटरपर्यंतच्या. या जागांसाठी अर्ज करणार असाल आणि भाड्याने राहत असाल, तर भाडेकरार नोंदणीकृतच हवा. नोटरीचा कागद चालत नाही.

आता पैशांचं बघू. पुण्यात घर घेताना साधारण ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. खरेदी महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. सवलत नसेल तर ८० लाखांच्या फ्लॅटवर ५ लाख ६० हजार रुपये, वर नोंदणीचे ३० हजार. दोन वर्षांत शाळा पटली नाही आणि घर विकलं, तर हे पैसे परत येत नाहीत. ११ महिन्यांचा भाडेकरार संपला की मात्र सामान टेम्पोत भरून दुसरीकडे जाता येतं.

शाळेबद्दलही चार गोष्टी विचारा. मान्यता आहे का आणि ती कितवीपर्यंत? शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक कोणता? सीबीएसईची म्हणवत असेल तर संलग्नता आजच्या घडीला आहे की ‘प्रस्तावित’? मंडळाच्या संकेतस्थळावर हे दिसतं. फीबाबत राज्यात २०११ चा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव ठेवावा लागतो आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. ती समिती खरोखर भरते का, हे शाळेला विचारूच नका. आधीपासून तिथे मूल असलेल्या पालकांना विचारा.

यानंतर रस्ता. जाहिरातीतली ५ मिनिटं बहुधा रविवारी सकाळी गाडीने मोजलेली असतात. तुम्ही कामाच्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी जा आणि फाटकासमोर अर्धा तास उभे राहा. फुटपाथ आहे का, आणि असला तर त्यावर दुचाकी लावलेल्या आहेत का? व्हॅनचे काका मुलांना कुठल्या बाजूने उतरवतात? गटारांवर झाकणं आहेत की नुसती भोकं? मग मुलाचा हात धरून घरापर्यंत चालत या. मध्ये एकदा त्याच्या उंचीला वाकून बघा. आपल्याला लांबून येणारी मोटारसायकल दिसते. मुलाला मात्र समोर उभ्या केलेल्या गाडीचा दरवाजा तेवढा दिसतो. या वाटेने ते दहाव्या वर्षी एकटं जाऊ शकेल असं वाटलं, तर ती शाळा खरोखर जवळ आहे. नाही तर १ किलोमीटरसाठीही बस लावावी लागेल. एजंट म्हणेल, ‘पुढच्या वर्षी इथून डीपी रोड जाणार आहे.’ आराखड्यावरची रेघ जमीन ताब्यात आल्याशिवाय रस्ता होत नाही, आणि त्यात मुलाचं बालपण सरून जातं.

पाण्याची चौकशी मात्र कसून करा. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यांत वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी ही गावं होती. टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, पण महापालिकेचं पाणी अजून सगळीकडे पोचलेलं नाही. सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षकाकडे टँकरची नोंदवही असते. एप्रिल-मे महिन्यांची पानं बघायला मागा. रोज किती टँकर येतात आणि मेंटेनन्समध्ये त्याचे किती रुपये जातात, ते तिथेच कळेल. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या नांदेड-किरकटवाडी भागात ‘जीबीएस’ (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. घरात लहान मूल असेल तर पाणी कुठून येतं आणि त्याची तपासणी कोण करतं, हे क्लब हाउसच्या आधी विचारा.

नदी-ओढ्याचंही तसंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने आणि २५ जुलै २०२४ ला मुठेच्या पुराने एकतानगरीत काय केलं, ते पुणेकर विसरलेले नाहीत. इमारत पूररेषेच्या आत येते का, हे महापालिकेच्या नकाशावर तपासा. कागदपत्रंही बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर आराखडे दिसतात. जाहिरातीत दाखवलेलं मैदान खरंच मैदान आहे की पुढच्या टप्प्यातली इमारत, ते तिथे कळतं. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं, संध्याकाळची वस्ती. साडेपाच-सहाला सोसायटीत चक्कर मारा. मुलं खेळताना दिसतात का? की पंधरा मुलं पंधरा शाळांत जातात, वेगवेगळ्या वेळी बसमधून उतरतात आणि खाली कोणी कोणाला ओळखत नाही? चालत जाता येईल असं पाळणाघर, बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना आणि वाण्याचं दुकान आहे का? आजी-आजोबांना बसायला बाकडं आहे का? आईबाप हिंजवडीच्या वाहतुकीत अडकले, तर ‘येऊ दे आमच्याकडे’ म्हणणारी एखादी शेजारीण आहे का? हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत. ते राहूनच कळतं.

म्हणून पुन्हा विनवतो, वर्षभर भाड्याने राहा. त्या वर्षात पावसाळ्यातला ओढा दिसेल, मे महिन्यातला टँकर दिसेल, शाळेची वागणूक कळेल आणि मुलाला मित्र मिळतील किंवा मिळणार नाहीत. भाड्याचे पैसे वाया गेले असं मनात आणू नका. वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे ते फार थोडे आहेत. मुहूर्त दरवर्षी येतो. घर मात्र बघून, राहून आणि मुलाला विचारून घ्या.