झडपेचा विकार आणि नसलेला रकाना

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प या उत्तरेकडील प्रदेशात सामी हा मूलनिवासी समाज राहतो. जगातील उत्तमांत गणली जाणारी सरकारी आरोग्यसेवा नॉर्वेतील सामींना उपलब्ध आहे. तरीही हृदयाच्या झडपेचा विकार त्यांच्यात किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर तेथील रुग्णनोंदींतून मिळत नाही. कारण त्यांत वांशिकतेचा रकानाच नाही.

हा प्रशासकीय गलथानपणा नव्हे. स्वीडनमध्ये उप्साला येथे १९२२ साली सरकारी वंशजीवशास्त्र संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी सामींच्या डोक्यांची मापे घेतली, त्यांची छायाचित्रे काढली. नॉर्वेनेही शाळांतून सामी भाषा हद्दपार करण्याचे धोरण दीर्घकाळ राबविले. त्या धोरणाची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाचा अहवाल २०२३ मध्ये संसदेपुढे आला. मोजमापाचा असा अनुभव पदरी असलेल्या समाजाला नोंदीची धास्ती वाटणे स्वाभाविकच होय.

मात्र, नोंद नसण्याचीही किंमत असते. उतारवयात महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचून ती अरुंद होते. धाप, छातीत दुखणे, भोवळ ही त्याची लक्षणे. तीव्र विकारात लक्षणे दिसू लागल्यावर झडप बदलली नाही, तर निम्मे रुग्ण साधारण दोन वर्षांत दगावतात. उपचार आहेत, २००२ पासून छाती न उघडता नळीवाटे झडप बसविण्याची सोयही झाली. पण निदानासाठी रुग्णाने आपला त्रास नेमका सांगावा लागतो. वृद्ध सामी तो कोणत्या भाषेत सांगणार, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीयही ठरतो.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील रुग्णनोंदींत मूलनिवासी ओळख नमूद होते. त्यामुळेच संधिवाती तापातून उद्भवणारा झडपांचा विकार मूलनिवासींमध्ये कितीतरी अधिक असल्याचे उघड झाले. स्वतंत्र रोगनोंदवह्या सुरू झाल्या आणि दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्याच्या कार्यक्रमाला त्यांचा आधार मिळाला. विकार संपला नाही. पण तो नाकारण्याची सोय सरकारला उरली नाही.

नॉर्वेतही मधला मार्ग आहे. ट्रॉम्सो विद्यापीठाने २००३-०४ मध्ये हाती घेतलेल्या ‘सामिनोर’ पाहणीत लोकांनी आपली भाषा व ओळख स्वतःहून सांगितली. अशा पाहणीला हृदयाच्या सोनोग्राफीची जोड मिळाली, तर झडपांचे चित्रही स्पष्ट होईल. मोजपट्टी कोणाच्या हाती आणि कोणाच्या संमतीने, हाच खरा प्रश्न आहे.