नेक्स्ट दाबणारं बोट

बावीस जण होतो. मोबाइल एक. तोही मुकादमाचा, काच तडकलेली. बंदराच्या गेटाबाहेर पत्र्याच्या शेडखाली आम्ही उकिडवे बसलेलो आणि मुकादम उभ्यानं अंगठ्यानं दाबतोय. नेक्स्ट. नेक्स्ट. नेक्स्ट. ठेकेदारानं पाठवलेलं ऑनलाइन सेफ्टी ट्रेनिंग. चाळीसेक पानं, सगळी इंग्रजीत. मधूनमधून हेल्मेट घातलेला एक गोरा कार्टून माणूस आमच्याकडे बघून हसतो. शेवटी दहा प्रश्न. मुकादमाला उत्तरं तोंडपाठ. एकाच्या नावावर परीक्षा दिली, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. पाऊण तासात बावीस माणसं प्रशिक्षित झाली. माझ्या सर्टिफिकेटवर शंभरपैकी शंभर आहेत. मॅट्रिकला मला एकोणपन्नास टक्के होते. म्हणजे माणूस शिकत गेला म्हणायचा.

तीन आठवड्यांनी कंटेनरचं लॅशिंग सोडताना आमच्यातल्या एकाची तीन बोटं गेली. टर्नबकल ढिला करत होता, रॉड ताणात होता, कुठल्या अंगाला उभं राहायचं, हात कुठं ठेवायचा नाही, हे त्याला कुणी दाखवलेलंच नव्हतं. चौकशी झाली. टेबलावर पहिला कागद कुठला आला? त्याचं सर्टिफिकेट. प्रशिक्षण दिलेलं होतं, कामगारानं हयगय केली. खलास. फाइल बंद.

दोस्तहो, शिक्षणाचं साधन कुणासाठी बनवलंय ते मला त्या दिवशी कळलं. माणूस रक्तात पडल्यावर ते कुणाच्या खिशातून बाहेर निघतं, एवढंच बघायचं.

आता आपल्यातलाच एखादा पांढरपेशा म्हणेल, ही ठेकेदाराची लबाडी आहे, त्यात ऑनलाइन शिक्षणाचा काय दोष? आहे दोष. बनवणाऱ्याचा दोष आहे. ज्यानं ती चाळीस पानं बनवली त्यानं आयुष्यात एकदा तरी जहाजावर चढून बघितलं होतं का? त्याच्या यंत्राला एकच गोष्ट कळत होती, बटण दाबलं की नाही. बोट कुणाचं, ते बोट उद्या जागेवर राहील का, हे त्यानं विचारलंच नाही. त्यानं जर आमच्याच डेकचा फोटो टाकून विचारलं असतं, ‘रॉड सुटला तर कुठं जाईल? बोटानं दाखव’, तर मुकादमालासुद्धा मोबाइल खाली करून आम्हाला विचारावं लागलं असतं. भांडण लागलं असतं. एकानं डावीकडं म्हटलं असतं, दुसऱ्यानं त्याला येड्यात काढलं असतं. त्या भांडणात तीन बोटं वाचली असती.

हा रोग गोदीपुरता नाही. 2017 साली सरकारनं ‘स्वयम्’ सुरू केलं. कागदावर रचना चांगली आहे, खोटं कशाला बोला. प्रत्येक कोर्सला चार पाय: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चेची जागा आणि स्वतःची परीक्षा. त्याआधी 2003 पासून आयआयटीवाल्यांचं ‘एनपीटेल’ चालू आहे. चाळीतला पोरगा रात्री बारा वाजता आयआयटीच्या मास्तराचं लेक्चर फुकट ऐकतो ही गोष्ट मी लहान मानत नाही. ज्यांच्या बापजाद्यांच्या कानावर अक्षर पडू नये म्हणून शास्त्रं लिहिली गेली, त्यांच्या कानात आता इयरफोन आहे. मशीनशी माझं वैर नाही. मी विंच फोडा म्हणणारा माणूस नाही.

माझं वैर आहे ते आळसाशी. वर्गात एक तास बोलणाऱ्या माणसापुढं कॅमेरा ठेवला की ऑनलाइन शिक्षण झालं, हा आळस. 2014 साली अमेरिकेतल्या ‘एडएक्स’वरच्या 69 लाख व्हिडिओ-बैठका तपासल्या गेल्या. माणूस सहा मिनिटांच्या आसपास टिकतो, मग सटकतो, असं निघालं. आमच्याकडं मात्र तासाचा तास चालूच. आणि खाली प्रश्न काय? अमुक व्याख्या कुणी केली. हा प्रश्न डोकं तपासत नाही, हजेरी घेतो.

भाषेचं तर विचारूच नका. एकीकडं इंग्रजी. दुसरीकडं मराठी म्हणून जे देतात ते वाचलं तर इंग्रजी बरी वाटते. एका भाषांतरात विंचला ‘कर्षणयंत्र’ म्हटलेलं मी या डोळ्यांनी वाचलंय. हे मराठी कुणाच्या आईनं बोललेलं? गोदीत माल उचलायचा तर ‘हापेस’ म्हणतात आणि खाली सोडायचा तर ‘आरिया’. आरिया हा शब्द पोर्तुगीज खलाशांचा. पिढ्यान्‌पिढ्या खलाशांच्या आणि हमालांच्या तोंडात घासून तो आमचा झाला. क्रेनखाली उभा असलेला माणूस ‘आरिया’ ऐकला की बाजूला होतो. ‘अवरोहण’ ऐकला तर तो तिथंच मरेल.

आता डेटाचं बघा. 2017-18 च्या सरकारी नमुना पाहणीत खेड्यातल्या शंभरातल्या 4.4 घरांत कॉम्प्युटर होता, शहरात 23.4 घरांत. इंटरनेटची सोय खेड्यात 14.9 टक्के घरांना, शहरात 42 टक्के. आणि 2020 च्या मार्चमध्ये एका रात्रीत सगळा देश ऑनलाइन शिकू लागला म्हणे. आज फोन घराघरात पोचलेत, मान्य. पण घरात एक. तो बापाबरोबर कामावर जातो. रात्री नवाला घरी येतो, तेव्हा बॅटरी दहा टक्के आणि दिवसाच्या दीड जीबीतलं उरलेलं कायतरी. चांगल्या चित्रातलं एक तासाचं लेक्चर अर्धा ते एक जीबी खातं. तेच लेक्चर नुसत्या आवाजात, 32 केबीपीएसला उतरवलं तर साडेचौदा एमबीसुद्धा होत नाही. हा हिशेब मॅट्रिक पास माणसाला करता येतो. मग मोठ्या पगाराच्या डिझायनरला का येत नाही? कारण त्याच्या घरी वायफाय आहे. जे आपल्याला कधी मोजून वापरावं लागलं नाही ते दुसऱ्याचं मोजायची बुद्धी होत नाही.

माझा धाकटा भाऊ त्या वर्षी आयटीआयला वेल्डर ट्रेडला होता. ट्रेड एक वर्षाचा, त्यातले महिनेच्या महिने वर्कशॉपला कुलूप. व्हिडिओ आले. व्हिडिओत काय दिसतं? कॅमेऱ्याला काळी काच लावलेली नाही, म्हणून आर्क पेटला की पडदा पांढराफटक. आतल्या वितळलेल्या धातूचं डबकं, ज्याच्यावर सगळं वेल्डिंग अवलंबून, तेच दिसत नाही. मागून आवाज सांगतोय, ‘योग्य आर्क लांबी राखावी.’ अरे पण योग्य म्हणजे कशी? वेल्डर ती डोळ्यानं कमी आणि कानानं जास्त ओळखतो. आर्क बरोबर असला की तापल्या तेलात भजी पडल्यासारखा एकसारखा चुरचुर आवाज येतो. लांबला की फडफडतो आणि ठिणग्या उडवतो. फार जवळ गेलं की रॉड चिकटतो. आता सांगा, हे शिकवायला एचडी व्हिडिओ कशाला पाहिजे? चार आवाज रेकॉर्ड करा. बरोबर, लांब, जवळ, करंट कमी. पोराला ऐकवा आणि विचारा, यातलं बिघडलेलं कुठलं आणि का? मग बिघडलेल्या जोडाचे फोटो द्या: कडेला खाच पडलेला, भोकं पडलेला, वर नुसता थापलेला पण आत न मुरलेला. चूक ओळखायला शिकवा. पाच-दहा एमबीत काम होतं. आणि वर्कशॉप उघडलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात रॉड द्या, कारण हाताची थरथर कुठल्याही पडद्यावर जात नाही.

हे कुणी केलं नाही. कारण वेल्डिंग हाताचं काम, आणि हाताच्या कामात ज्ञान असतं हेच या देशातल्या शिकलेल्याला पटत नाही. डोकं एकाचं, हात दुसऱ्याचा, ही वाटणी फार जुनी आहे. कुणी केली ते मी तुम्हाला सांगायला नको. ऑनलाइन कोर्सात ती तशीच उतरलीय. थिअरीला स्टुडिओ, प्रॅक्टिकलला ‘आपल्या प्रशिक्षकाशी संपर्क साधा’.

अमेरिकेतही हाच तमाशा झाला. 2012 च्या सुमाराला तिथं ओरड होती, आता हार्वर्ड गरिबाच्या घरात येणार. 2019 साली ‘सायन्स’ नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या त्या कोर्सांचा हिशेब छापून आला. 2017-18 मध्ये नाव घातलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे 3.13 टक्के. त्याआधी 2013 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीनं ‘उडॅसिटी’ कंपनीबरोबर स्वस्त ऑनलाइन कोर्स काढले. इतके विद्यार्थी नापास झाले की त्याच जुलैत ते थांबवावे लागले. त्याच युनिव्हर्सिटीच्या तत्त्वज्ञान विभागातल्या मास्तरांनी त्या एप्रिलमध्ये हार्वर्डच्या मायकेल सँडेलला उघडं पत्र लिहिलं. तुमचा व्हिडिओ आमच्या वर्गात लावणार नाही, श्रीमंतांच्या पोरांना जिवंत प्रोफेसर आणि आमच्या पोरांना त्याची फिल्म, अशी दोन जातींची विद्यापीठं होतील, असा त्याचा रोख. जात हा शब्द माझा आहे. त्यांनी वापरला नसला तरी गोष्ट तीच.

आणि ती गोष्ट आता आपल्या दारात आलीय. यूजीसीनं 2016 साली नियम केला, वीस टक्क्यांपर्यंत अभ्यास ‘स्वयम्’वरून चालेल. 2021 साली तो चाळीस टक्के केला. चांगल्या कॉलेजात याचा अर्थ, पोराला जास्तीचा विषय मिळेल. तालुक्याच्या कॉलेजात, जिथं मास्तरांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तिथं याचा अर्थ काय होईल? खुर्चीवर मास्तराऐवजी प्रोजेक्टर. मास्तराला विचारता येतं, ‘सर, परत सांगा.’ प्रोजेक्टरला विचारून बघा.

मग चांगलं साधन कसं असतं? मला विंचवरच्या तात्यांनी शिकवलं. साताऱ्याकडचे, चौथी शिकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताबरोबर माझा हात. तिसऱ्या दिवशी मला मुद्दाम चुकीची खूण करून विचारलं, ‘आता काय हुईल सांग लेका?’ मी सांगितलं. ‘का?’ त्यावर मला येईना. संध्याकाळपर्यंत त्यांनी उत्तर दिलं नाही, हॅचमध्ये उतरवून मलाच बघायला लावलं. मग हळूहळू लांब गेले, पण नजर माझ्यावर. जगातल्या कुठल्याही शिक्षणशास्त्रानं यापेक्षा निराळं काय सांगितलंय? करून दाखव, बरोबर कर, चुकू दे, चुकीचं कारण त्यालाच शोधायला लाव, मग हात काढून घे. ऑनलाइन साधनाला हे सगळं जमत नाही. पण अर्धं जमतं. थांबवता येतं, परत लावता येतं, निम्म्या वेगानं बघता येतं, शंभरदा चुकलं तरी कुणी आईवरून शिवी देत नाही. क्रेनच्या सिम्युलेटरवर कंटेनर पाडला तर खाली माणूस मरत नाही. ही मशीनची ताकद वापरायची सोडून तिला भोंगा बनवलंय.

उरलेलं अर्धं माणसानं करायचं असतं. विलायतेतली ओपन युनिव्हर्सिटी 1969 साली स्थापन झाली, 1971 ला शिकवणं सुरू झालं. लोकांना आठवतं की ती बीबीसीवरून शिकवायची. पण टीव्ही हा तिचा लहान भाग. पोस्टानं छापील पुस्तकं जायची, घरी प्रयोग करायची पेटी जायची, पेपर तपासून शेरे लिहिणारा मास्तर असायचा, जवळ अभ्यासकेंद्र असायचं, उन्हाळ्यात शिबिर असायचं. आपल्याकडं नक्कल करणाऱ्यांनी टीव्ही उचलला आणि मास्तर तिथंच ठेवून आले.

तितकं लांब तरी कशाला जावं? जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 साली कामकऱ्यांसाठी घरात रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांचं सिद्धार्थ कॉलेज 1946 साली उघडलं, नोकरी करणाऱ्या पोराला वर्ग करून कामावर जाता यावं म्हणून सकाळी भरायचं. त्यांनी आधी शिकणाऱ्याचा दिवस बघितला, तो कधी मोकळा, किती दमलेला, आणि मग वेळापत्रक लिहिलं. आज ‘कधीही, कुठेही शिका’ म्हणतात. बारा तास पाळी केलेल्या माणसाचा ‘कधीही’ कुठं असतो, दाखवा मला.

आता आपलं. सरकारची वाट बघत बसणार असाल तर बसा. आमच्या वस्तीतले आम्ही सहा जण येत्या रविवारी रात्री नऊला समाजमंदिरात जमतोय. तात्या येणार आहेत, त्यांच्या हाताच्या खुणा रेकॉर्ड करायच्यात, एकेक खूण एक मिनिट, वर त्यांच्याच आवाजात ‘का’. बोटं गेलेला आमचा साथीही येतोय. रॉड कुठून सुटला ते तो स्वतः दाखवणार आहे. भाऊ वेल्डिंगचे आवाज आणणार आहे. सगळं मेमरी कार्डावर घालून फुकट वाटायचं, नेट लागणार नाही. ज्याच्याकडं जुना अँड्रॉइड पडून असेल त्यानं घेऊन यावं. चार्जर विसरू नका, समाजमंदिरात प्लग एकच आहे, एक्सटेन्शन बोर्ड मी आणतो.