रत्नभांडाराची किल्ली

आषाढ शुद्ध द्वितीयेला पुरीच्या राजमार्गावर जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांचे रथ निघाले, की ‘जगन्नाथ मंदिराची रहस्ये’ या मथळ्याचा मजकूर दरवर्षी नेमाने प्रसिद्ध होतो. शिखरावरील ध्वज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फडकतो, मंदिराची सावली पडत नाही, सिंहद्वाराच्या आत पाऊल टाकताच समुद्राची गाज थांबते, एकावर एक रचलेल्या सात मडक्यांपैकी सर्वांत वरच्या मडक्यातील अन्न आधी शिजते, असे या मजकुराचे स्वरूप असते. पुरोगामी कार्यकर्ता तो वाचून हसतो आणि पान उलटतो. त्याचे हसणे समजण्याजोगे आहे; पान उलटणे मात्र चूक आहे.

वाऱ्याच्या दिशेविषयी चर्चा करणारे लोक ध्वज बांधणाऱ्या माणसाविषयी क्वचितच बोलतात. सुमारे ६५ मीटर उंचीच्या त्या मंदिरावर ‘चुनरा’ सेवक दररोज चढतो व ध्वज बदलतो. महाप्रसाद कधी उरत नाही आणि कधी कमी पडत नाही, असे भाविक श्रद्धेने सांगतात. त्यामागे ‘सुआर’ म्हणविल्या जाणाऱ्या शेकडो स्वयंपाक्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कोणत्या तिथीला किती माणूस येईल याचा अंदाज त्यांच्या हाडीमाशी मुरलेला आहे. एकदा वापरलेले मडके पुन्हा चुलीवर चढत नाही. म्हणून कुंभारांना रोज नवी मडकी पुरवावी लागतात. श्रमाला एकदा चमत्कार म्हटले, की श्रमिक दृष्टीआड होतो, आणि जो दृष्टीआड होतो त्याचे वेतन, त्याची सुरक्षितता, त्याचे म्हातारपण यांचा विचार करण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

या मंदिराच्या परंपरेत समतेचे अंकुर नाहीत असे नाही. मूर्ती लाकडाच्या आहेत. ‘नवकलेवर’ विधीत जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ मध्यरात्री डोळ्यांवर पट्टी बांधून नव्या मूर्तींत ठेवला जातो, आणि हे सर्वांत गूढ कार्य करणारे दैतापती स्वतःला विश्वावसू या शबर आदिवासीचे वंशज मानतात. आनंदबाजारात महाप्रसाद घेताना जातिभेद पाळावयाचा नाही, असा जुना दंडक आहे. रथापुढे गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूने झाडतो. परंतु ज्या देवाच्या कथेचा आरंभ आदिवासीच्या झोपडीत होतो, त्याच देवाच्या दारातून अस्पृश्यांना शतकानुशतके परत पाठविण्यात आले. १९३४ मध्ये गांधीजींनी पुरीहून हरिजन पदयात्रा सुरू केली, पण ते मंदिरात गेले नाहीत. १९३८ मध्ये कस्तुरबा दर्शन घेऊन आल्या, तेव्हा त्यांना तीव्र दुःख झाले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला प्राण पणाला लावले, तेही याच प्रश्नासाठी. स्वातंत्र्यानंतर पुरीचे दार दलितांना उघडले. तरीही १७ व्या शतकातील मुसलमान संतकवी सालबेग याची भजने ओरिसाच्या घराघरांत गायिली जातात, त्याच्या समाधीपाशी रथ थांबतो, आणि त्याच्या धर्मबांधवांना सिंहद्वाराबाहेरच उभे राहावे लागते. दर्शनेच्छूला धर्म न विचारता प्रवेश देण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये सुचविले होते.

आणि आता खऱ्या रहस्याकडे वळावयास हवे. मंदिराच्या रत्नभांडाराची संपूर्ण मोजदाद १९७८ मध्ये झाली. तीत १२ हजार ८०० भरींहून अधिक सोने आणि २२ हजार भरींहून अधिक चांदी नोंदली गेली. १९८५ मध्ये आतला कक्ष उघडला गेला. त्यानंतर तो बंद झाला तो बंदच राहिला. एप्रिल २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाहणीपथक गेले, तेव्हा आतल्या कक्षाची किल्लीच जागेवर नसल्याचे उघड झाले. न्यायमूर्ती रघुवीर दाश यांचा चौकशी आयोग नेमला गेला. काही दिवसांतच सरकारी दप्तरखान्यात ‘दुसऱ्या किल्ल्या’ लिहिलेले पाकीट सापडले. आयोगाचा अहवाल त्याच वर्षी सादर झाला; २०२४ च्या निवडणुकीपर्यंत तो जनतेसमोर आला नाही. त्या निवडणुकीत किल्लीचा शोध हा प्रचाराचा विषय झाला आणि सत्तांतर घडले. १४ जुलै २०२४ रोजी भांडार उघडण्यात आले, तेव्हा त्या किल्ल्या आतल्या कुलपांना लागल्या नाहीत. कुलपे तोडावी लागली.

कुलूप तुटले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. १९५५ च्या कायद्याने मंदिराचा ऐहिक कारभार सरकारने आपल्याकडे घेतला आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. देवाच्या नावावर ओरिसात सुमारे ६० हजार एकर, आणि महाराष्ट्रासह इतर सहा राज्यांत सुमारे ३९५ एकर जमीन असल्याचे त्या राज्याच्या सरकारनेच सांगितले आहे. ती कोण कसतो, किती खंड येतो, कितीवर अतिक्रमण आहे, हे प्रश्न श्रद्धेचे नाहीत, अर्थकारणाचे आहेत. २९ जून २०२५ रोजी गुंडिचा मंदिराजवळ चेंगराचेंगरीत तीन भाविक मृत्युमुखी पडले. देवाच्या दारी माणूस का चिरडला जातो, हाही प्रश्न त्याच कारभाराचा आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी देवळाकडे पाठ फिरविली, की तेथे दोनच आवाज उरतात : एक पुरोहितशाहीचा आणि दुसरा मतांसाठी देव रस्त्यावर आणणाऱ्यांचा. भाविकाची श्रद्धा हिरावून घेणे हे समाजवादाचे काम नव्हे. त्याने दिलेल्या पैशाचा जाहीर हिशेब मागणे, मोजदादीची यादी त्याच्या भाषेत त्याच्यासमोर ठेवावयास लावणे, सेवेकऱ्याला आणि कुंभाराला कामाचे न्याय्य मोल मिळवून देणे आणि दारावर जात वा धर्म विचारणाऱ्याला अडविणे, हे मात्र निश्चितपणे आहे. साने गुरुजी देवावर रागावून पंढरपूरला गेले नव्हते. देवावर हक्क सांगणाऱ्या सर्वांसाठी गेले होते. ध्वज वाऱ्याबरोबर फडको वा वाऱ्याविरुद्ध, भांडाराची किल्ली जनतेच्या हाती असली पाहिजे.