श्रेय दिले, सोय कधी?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मले आणि ते देशातले पहिले मानले गेले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश. पुढे आनंद कुमार यांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या हस्तलिखित नोंदी तपासल्या. मुखर्जींनी आठ पेशींचा भ्रूण गोठवून नंतर गर्भाशयात सोडला होता. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी झाली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. १९९७ मध्ये आनंद कुमार यांनी स्वतःकडचा पहिलेपणाचा मान जाहीरपणे मुखर्जींना दिला.

श्रेयाचा हिशेब असा चुकता झाला. सोयीचा अजून बाकी आहे. सार्वजनिक रुग्णालयात सिद्ध झालेला उपचार आज मुख्यतः खासगी केंद्रांत मिळतो आणि खर्च लाखांत जातो. पाथर्डी-जामखेडच्या ऊसतोड जोडप्याने तो कुठून करायचा? त्यातच मूल न होण्याचा दोष सुनेच्या माथी; नवऱ्याची वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त असूनही सर्वांत शेवटी. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार, सुरू झाले. महाराष्ट्राने तो कित्ता गिरवावा. अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात पती-पत्नी दोघांची एकत्र तपासणी आणि समुपदेशन, पुढील उपचार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, एवढी साखळी तरी सरकारने उभारावी.