पांढऱ्या वाघांची पैदास थांबवा

पांढरा वाघ दुर्मीळ आहे, पिंजऱ्यात वाढवला नाही तर तो नामशेष होईल, असे ठासून सांगितले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात किंवा मध्य प्रदेशातल्या मुकुंदपूर सफारीत गर्दी करणाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूतही तीच असते. ती साफ चुकीची आहे.

पांढरा वाघ ही वेगळी जातच नव्हे. तो आपला पट्टेरी वाघच. एका जनुकातल्या बदलामुळे त्याच्या केसांत लालसर-पिवळे रंगद्रव्य तयार होत नाही, असे 2013 मधल्या संशोधनात दिसले. काळे रंगद्रव्य बरेचसे टिकते, म्हणून पट्टे उरतात. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला, तरच बछडा पांढरा निपजतो.

पांढरा बछडा हमखास जन्मावा म्हणून माणसाने काय केले? रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी 1951 मध्ये ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला. बेगम या नारंगी वाघिणीपासून त्याला झालेली सगळी पिल्ले नारंगी निघाली. मग त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि 1958 मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. जगभरच्या बहुतेक पांढऱ्या वाघांचे मूळ या घराण्यात आहे. पुढेही पिढ्यान्‌पिढ्या रक्ताच्या नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. शिवाय रंगद्रव्याच्या उणिवेमुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची मांडणी बिघडते. हे 1973 मध्येच नोंदले गेले. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या वाघांकडे नीट पाहा, त्यामुळे अनेकांची बुबुळे नाकाकडे वळलेली दिसतील.

‘पण रानातही पांढरे वाघ होतेच ना?’ होते, आणि वाढून मोठेही होत. पांढरा रंग हा शाप नाही, हे मान्यच आहे. पण यातून पैदाशीचे समर्थन होत नाही. हे जनुक नारंगी वाघाच्या अंगीही लपून राहू शकते. ते जपायचे तर रानात भरपूर वाघ हवेत आणि त्यांच्यात दूरचे रक्त मिसळायला हवे.

वाघ कसे वाचतात, हे रीवापासून जवळच्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाने दाखवून दिले. 2009 मध्ये तिथे एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड, कान्हा आणि पेंच इथून साधे नारंगी वाघ आणून सोडले आणि जंगल पुन्हा नांदते झाले. खरे संवर्धन हे आहे.

अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने 2011 मध्ये आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांची पैदास मना केली. आपणही तसेच करावे. आहेत त्या वाघांची अखेरपर्यंत उत्तम निगा राखावी, नव्या जोड्या लावू नयेत आणि पिंजऱ्यापुढच्या फलकावर मोहन-राधाची वंशावळ स्पष्ट लिहावी. वाचलेला पैसा वाघांच्या भ्रमणमार्गांवर खर्च करावा. उद्या रानात पुन्हा पांढरा बछडा जन्मलाच, तर त्याला पकडायला कोणीही जाऊ नये.