पेंडीचा पैसा गोमूत्रात? गोठ्यातील अमोनियाचा वास काय सांगतो, समजून घ्या

सकाळी गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबणारा वास हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाही. त्यात विकत आणलेल्या पेंडीचा काही भाग हवेत उडत असतो. दूध उत्पादनाच्या खर्चात साधारण ६० ते ७० टक्के वाटा चारा-खुराकाचा असतो. त्यामुळे सातारा-सांगलीच्या पशुपालकांसाठी हा प्रश्न पर्यावरणाआधी खिशाचा आहे.

अमोनिया तयार कसा होतो?

प्रथिनांमध्ये नत्र म्हणजेच नायट्रोजन असतो. दुभती गाय खाल्लेल्या नत्रापैकी साधारण चौथा हिस्साच दुधात उतरवते. उरलेला बहुतांश नत्र शेण आणि मूत्रावाटे बाहेर जातो. मूत्रातील नत्र प्रामुख्याने युरियाच्या रूपात असतो, तर शेणात युरिया फोडणारे विकर असते. दोन्ही एकत्र आले की काही तासांतच अमोनिया उडू लागतो.

पेंड वाढवली की दूध वाढते का?

एका मर्यादेपर्यंतच. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात गळीत हंगामात उसाचे वाढे मुबलक असते. त्यात प्रथिने कमी असल्याने भरपाई म्हणून सरकी किंवा शेंगदाणा पेंड वाढवली जाते. मात्र पोटातील सूक्ष्मजीवांना प्रथिने वापरायला ऊर्जाही लागते. ती मका भरडा किंवा मक्याच्या मुरघासातून मिळते. ऊर्जा कमी पडली तर जादा प्रथिनांचा पोटातच अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया बनवते आणि तो मूत्रातून निघून जातो.

नुकसान किती?

एक साधा हिशेब पाहू. १५ लिटर दूध देणारी संकरित गाय दिवसाला १५ किलो शुष्क चारा-खुराक खाते असे धरू. त्यात १६ टक्के प्रथिने असतील, तर पोटात २.४ किलो प्रथिने जातात. समतोल खाद्यात तेवढेच दूध १४ टक्क्यांवर निघाले, तर २.१ किलो पुरतात. फरक ३०० ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम शेंगदाणा पेंडीतील प्रथिनांएवढा, आणि तोही रोज.

या ३०० ग्रॅम प्रथिनांत ४८ ग्रॅम नत्र असतो. पाच गाई आणि ३०० दिवस धरले, तर ७२ किलो नत्र होतो. ४५ किलोच्या युरियाच्या साधारण साडेतीन गोण्यांत एवढाच नत्र असतो. म्हणजे पेंडीच्या भावाने घेतलेला नत्र गोठ्यात उडतो आणि उसासाठी तोच दुकानातून पुन्हा आणला जातो.

दुधातून हे कळते का?

कळते. रक्तातील युरियाचा काही अंश दुधात उतरतो. अन्न सुरक्षा नियमांनुसार १०० मिलिलिटर दुधात ७० मिलिग्रॅमपर्यंत युरिया चालतो. मात्र ही मर्यादा भेसळ पकडण्यासाठी आहे. खाद्य समतोल असेल, तर हा आकडा साधारण २० ते ३० दरम्यान राहतो. तो सतत ४५-५० असेल, तर दूध तपासणीत पास होते, पण पेंड वाया जात असते. दर मात्र फॅट आणि एसएनएफवर ठरतो. त्यामुळे हा इशारा पशुपालकापर्यंत पोहोचतच नाही.

काय करता येईल?

• दुधाच्या प्रमाणात खुराक द्या. भाकड आणि दुभत्या गाईंना एकच माप नको.
• पेंड वाढवण्याआधी मका, मुरघास यांतून ऊर्जा पुरेशी मिळते का, ते पाहा.
• जास्त दुधाच्या गाईंना बायपास प्रोटीन द्या. ते पहिल्या पोटात कमी फुटते आणि पुढे पचते.
• गोठ्याला उतार ठेवा, मूत्र नालीतून लगेच बाजूला न्या.
• बायोगॅसची स्लरी उघड्यावर साठवू नका. तिच्यातील नत्र लवकर उडतो. टाकी झाका, स्लरी जमिनीत मिसळा.

फलटणच्या गोविंद डेअरीने प्रसार केलेल्या मुक्त संचार गोठ्यात गाईंना मोकळी हवा मिळते. तरी जमीन ओली राहिली, तर अमोनिया तिथेही होतोच. कोरडेपणा महत्त्वाचा.

हवेचा संबंध काय?

अमोनिया हवेतील इतर वायूंशी मिळून पीएम २.५ हे सूक्ष्म कण तयार करतो. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये न्यायालयाच्या निकालाने नत्र उत्सर्जनाचे परवाने अडकले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. भारतात २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत अमोनियाचा समावेश आहे, पण ती मर्यादा हवेसाठी आहे, गोठ्यासाठी नाही.

पुढे काय?

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेत गावपातळीवरील प्रशिक्षित व्यक्तींमार्फत संतुलित आहाराचा सल्ला दिला होता. संकलनाच्या पावतीवर फॅट, एसएनएफसोबत युरियाचा आकडाही छापला, तर त्या सल्ल्याची पडताळणी पशुपालकाला स्वतःच करता येईल. दंडासाठी नव्हे, तर पेंडीचे माप ठरवण्यासाठी.