सभागृह पाहुण्यांसाठी की पाहुणे सभागृहासाठी?

तुळशीचे लग्न लागले, की घरोघरी मुहूर्त धुंडाळण्यास प्रारंभ होतो, हा आपला जुना परिपाठ. पूर्वी मुहूर्त ठरला, की स्थळाचा प्रश्न फारसा उरत नसे. अंगणात माटव उभा राही, नाही तर कुलदेवतेच्या देवळाची अग्रशाळा वऱ्हाडासाठी उघडली जाई. आता हा क्रम पुरता उलटला आहे. आधी सभागृह कोणत्या दिवशी मोकळे आहे ते पाहावयाचे आणि मग त्या दिवसाला साजेसा मुहूर्त भटजींकडून काढून घ्यावयाचा! पंचांगाचा मान सभागृहाच्या व्यवस्थापकाच्या वहीने कधी हिरावून घेतला, हे आपल्या ध्यानीही आले नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की गोव्या-कोकणातील अनेक मुलेमुली नोकरीनिमित्त हैदराबादेस स्थायिक झाली आहेत. विवाह देवळात झाला, तरी मुलांचे सहकारी व तिकडची सोयरी मंडळी यांच्यासाठी तेथे स्वागतसमारंभ करणे ओघानेच येते. साडेसहाशे किलोमीटर दूर असलेल्या, अनोळखी शहरात स्थळ निवडण्याचे काम मग आईवडिलांच्या माथी येते आणि छायाचित्रांच्या चकचकाटास भुलून निर्णय होतो.

हैदराबाद हे नवाबी थाटाचे शहर. तेथे राजवाड्यांतही समारंभ होतात. टेकडीवरील फलकनुमा राजवाडा २०१० पासून हॉटेल म्हणून चालतो. त्याच्या भोजनगृहातील मेजावर एकाच वेळी १०१ माणसे बसू शकतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेते सलमान खान यांच्या भगिनीचा विवाह तेथे झाला आणि राजवाड्यातील लग्नाची हौस मध्यमवर्गाच्याही मनात रुजली. परंतु या वास्तूचा इतिहास कोणी विचारीत नाही. १८८४ साली तिचे बांधकाम सुरू करणारे विकार-उल-उमरा हे मोठे अमीर व पुढे हैदराबादचे दिवाण झालेले गृहस्थ. या एका वास्तूपायी तेही कर्जात बुडाले आणि अखेर ती सहाव्या निजामाच्या स्वाधीन झाली, असे सांगितले जाते. जी वास्तू उभारताना अमीराची तिजोरी रिकामी झाली, तिच्या थाटाची नक्कल पगारदार माणसाने भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून करावी, यापरती विसंगती ती कोणती?

राजवाडा सोडला, तर शहरात सर्वत्र ‘फंक्शन हॉल’ आहेत आणि बाहेरच्या बाजूस विस्तीर्ण हिरवळी आहेत. येथे खरा प्रश्न भाड्याचा नसून अंतराचा आहे. कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा हा जुना भाग. मराठी माणसांचा तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावर आहे. विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी उभी केलेली शाळा १९०७ सालची. उलट तरुणांच्या कचेऱ्या माधापूर, गच्चीबावली या पश्चिमेच्या नव्या वस्तीत. संध्याकाळच्या गर्दीत या दोन टोकांमधील प्रवास वृद्धांची परीक्षा पाहणारा असतो. २०१७ साली मेट्रो रेल्वे सुरू झाल्याने ही अडचण पुष्कळ हलकी झाली आहे. तेव्हा सभागृह मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाण्याजोगे असावे, ही साधी अट घातली, तरी निम्मे काम होईल. ज्यांनी वधूवरांना अंगाखांद्यावर खेळविले, त्यांनाच समारंभास येणे अशक्य व्हावे, असे स्थळ कितीही सुंदर असले तरी अयोग्यच होय.

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. ती अभद्र वाटते म्हणून कोणी उच्चारीत नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरयाणातील डबवाली येथे एका विवाह सभागृहात शाळेचा समारंभ चालू असताना आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे, बहुसंख्य बालके, मृत्युमुखी पडली. मांडव कृत्रिम कापडाचा होता आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. २३ जानेवारी २००४ रोजी श्रीरंगम येथील मंगल कार्यालयात आग लागून पन्नासहून अधिक लोक दगावले. त्यांत प्रत्यक्ष नवरदेवही होता. सजावटीचे नमुने पाहण्यास जाणाऱ्या पालकांनी आधी दारे मोजावीत, ती समारंभाच्या वेळी उघडी असतात काय हे विचारावे आणि अग्निशमन खात्याचा दाखला पाहावा. यात अपशकुन नाही. पाहुण्यांच्या जिवाची ही जबाबदारी यजमानाचीच आहे.

खर्चाला आळा घालण्याचे प्रयत्न सरकारनेही करून पाहिले आहेत. जम्मू-काश्मीरमध्ये २०१७ साली मुलीच्या लग्नास पाचशे व मुलाच्या लग्नास चारशे पाहुण्यांची मर्यादा घालणारा आदेश निघाला. पाच लाखांहून अधिक खर्च करणाऱ्याने त्याचा दहावा हिस्सा गरीब मुलींच्या विवाहासाठी द्यावा, असे सुचविणारे खासगी विधेयकही त्याच सुमारास लोकसभेत चर्चेत होते. आमच्या मते हा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही. घरात जे ठरावयास हवे, ते पोलिसांनी दारात उभे राहून ठरविणे कोणासही रुचणार नाही. २०२० च्या महामारीत पन्नास माणसांत लग्ने लागली. ती सक्ती होती आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण त्या विवाहांचे मांगल्य तसूभरही उणे झाले नाही, एवढे मात्र सर्वांनी पाहिले.

‘लग्न एकदाच होते’ हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. आनंदात चार माणसांना सहभागी करून घेणे हा आपला संस्कार आहे आणि त्यास आमचा विरोध नाही. परंतु सप्तपदी हा विधी आहे आणि नोंदणी ही कायद्याची गरज आहे. स्वागतसमारंभ हे केवळ आतिथ्य आहे. आतिथ्याचे मोजमाप पाहुण्यांच्या समाधानाने व्हावयाचे असते, झुंबरांच्या संख्येने नव्हे. म्हणून प्रथम पाहुण्यांची यादी करावी, मग रक्कम ठरवावी आणि शेवटी सभागृह शोधावे. भाडे, कर, वीज, सफाई व अनामत यांचा तपशील लेखी घ्यावा. आणि हा खर्च वधूपित्याच्या माथी न मारता दोन्ही घरांनी वाटून घ्यावा. सून आणताना तिच्या माहेरास कर्जाचा आहेर देणे कोणत्याही कुळास शोभणारे नाही.

समारंभ एका संध्याकाळी आटोपतो. हप्ते मात्र वर्षानुवर्षे चालू राहतात. नव्या संसाराच्या उंबरठ्यावर तांदळाचे माप ओलांडावयाचे असते, सावकाराची वही नव्हे, याचे भान या लग्नसराईत राहिले तर पुष्कळ झाले.